मागे जाणारा बाण

५ ऑक्टोबर, रविवार
सुलतान बाजारात आमच्या मराठी ग्रंथालयाच्या कार्यकारिणीची बैठक. वेळेवर पोचलेली मी एकटीच. तासाभरानं ठरलं की यंदाची कार्यवाहपदाची निवडणूक वेबवर घ्यायची. सभासद पांगलेत. काही शहराच्या टोकाला, कुकटपल्ली, मियापूर, काहींना मुलं पुण्याला घेऊन गेली. कागद कोण वाटत फिरणार? अध्यक्षांनी, म्हणजे आमच्या म्हाताऱ्या वकीलसाहेबांनी, माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही जन्मभर कॉम्प्युटरच केलात." केला. हो म्हटलं.

नाना (धाकटे दीर, आणि बऱ्याच वर्षांपासूनचे कार्यवाह) हसले. "करा वहिनी. नाहीतरी आपल्याकडे मतदान कुठं होतं?" खरं आहे. माझ्या आठवणीत एकदाही झालेलं नाही. नेहमी बिनविरोध. निकाल आधीच ठाऊक, म्हणून वार्षिक सभेला अर्ध्या खुर्च्या घडी घातलेल्याच राहतात. येतात ते मसालेभातासाठी.

७ ऑक्टोबर, मंगळवार
कागदावर टप्पे काढले. यादी, अर्ज, माघार, मतदान, मोजणी, निकाल. सहा चौकोन, मध्ये बाण. सगळे बाण पुढे. मागे जाणारा एकही नाही, मुद्दाम.

ॲप एकच, पण टप्पा बदलला की त्याचं वागणं बदलायला हवं. अर्जाच्या टप्प्यात अर्ज घ्यायचा, मतदानात आला तर नाकारायचा. मतदान चालू असताना आकडे कोणालाही दिसायचे नाहीत. मलाही नाही. हे शेवटचं ठळक अक्षरात लिहिलं.

नोकरीत पहिला पगाराचा प्रोग्रॅम लिहिला तेव्हाही आधी असाच कागद घेतला होता. साहेब म्हणाले होते, चित्रं काय काढताय. प्रोग्रॅम मी निवृत्त होईपर्यंत चालला.

१२ ऑक्टोबर, रविवार
पानं चालू झाली. चांगली दिसतात. लावण्याला (सून, तेलुगू. मला अत्तय्या म्हणते. हायटेक सिटीत हेच काम करते) दाखवली. तिनं दिसणं पाहिलंच नाही, कोड उघडला. खालपर्यंत वाचला. मग म्हणाली, "अत्तय्या, टप्पा कोणता हे प्रत्येक पानात वेगळं विचारलंय. इथं इफची अट, तिथं इफची अट. उद्या एक टप्पा वाढला तर किती पानं शोधणार?"

राग आला. तिचा नाही. नोकरीत नव्या मुलांना मी हेच वाक्य ऐकवत असे, जरा जास्त कडक आवाजात.

मुलगा म्हणाला, आई, चालतंय ना, मग राहू दे. त्याला दोघींनी एकदमच गप्प केलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार
सगळं मोडलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
नवी मांडणी. प्रत्येक टप्प्याची स्वतःची फाइल. त्या टप्प्यात काय दाखवायचं, काय स्वीकारायचं, काय नाकारायचं आणि पुढे कुठं जायचं, ते सगळं त्याच फाइलीत. बाकीच्या ॲपला टप्प्यांविषयी काही माहीत नाही. ते फक्त चालू टप्प्याला विचारतं, हे घेऊ का? तो हो म्हणतो किंवा नाही. टप्पा बदलण्याची जागा पूर्ण कोडमध्ये एकच.

कोड आधीच्या निम्मा झाला. वाचला तर समजतो. 'माघार'ची फाइल उघडली की माघारीचे नियम दिसतात, दुसरं काही नाही. स्वतःचंच काम इतकं आवडणं बरं नव्हे. पण आवडलं.

लावण्यानं वाचून एवढंच म्हटलं, "सरे, ठीक. आमच्या ऑफिसात असं कोणी लिहीत नाही." मग पेसरट्टू, म्हणजे मुगाचा डोसा, करून घातला. तिच्या हातचा उत्तम होतो, मी तिला तसं अजून सांगितलेलं नाही. सांगायला हवं.

सभासदांचं मोबाइलचं पान तेवढं नव्या मांडणीत घ्यायचं राहिलं. दिवाळीनंतर.

२६ ऑक्टोबर, रविवार
कार्यकारिणीसमोर प्रात्यक्षिक. फजिती.

चाचणीसाठी उमेदवार म्हणून एकट्या नानांचं नाव घातलं होतं. टप्पे पुढे नेत गेले, मतदानाचं पान उघडलं. वर मोठ्या अक्षरात, 'खालीलपैकी एका उमेदवाराला मत द्या.' खाली एकच नाव. सगळे हसले. वकीलसाहेब म्हणाले, "बरोबर चाललंय की. आपलं नेहमीचंच." नाना तर डोळे पुसत होते.

मी हसले नाही. ज्या संस्थेत कायम बिनविरोधच होतं, तिच्या ॲपात बिनविरोधला वाटच नव्हती. निवडणूक कशी असते ते मी शाळेतल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून घेतलं, आमच्या संस्थेकडे बघून नाही.

घरी येऊन एक बाण वाढवला. माघारीनंतर एकच नाव उरलं तर थेट निकाल. एका फाइलीत चार ओळी. जुनी मांडणी असती तर दिवस गेला असता. लावण्या मागून बघत होती. "बघा," म्हणाली. बघितलं.

१० नोव्हेंबर, सोमवार
अर्जाचा टप्पा सुरू. पहिला अर्ज नानांचा, सकाळीच. जोडलेला फोटो जुना, केस काळे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
दुसरा अर्ज आला. सुनंदा जाधव. ग्रंथालयाच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे, अस्तर, फॉल, परकर. माहेर-सासर दोन्ही भैंसा गावाकडचं, शेतकरी. सासऱ्यांनी शहरात येऊन दुकान टाकलं. सुनंदा दर गुरुवारी पुस्तक बदलायला येते, आणि परत आणते ते वाचलेलं असतं. अर्जात लिहिलंय: रविवारी ग्रंथालय उघडं हवं, आणि इथल्या मुलांना मराठी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी वर्ग हवा.

रविवारी ग्रंथालय बंद का असतं? विचार केला. कारण आठवेना.

नानांचा फोन. "जाधवांची सून? बरं, बरं. बघतो." म्हणजे जाऊन भेटणार. आमच्याकडे असंच असतं. अर्ज कोणीही भरावा, मग जुनी मंडळी त्याच्या घरी जातात, चहा होतो, संस्थेत भांडण नको असं ठरतं, माघार होते. आम्ही आठ-दहा जुनी घरं. वकिली, शिक्षकी, सरकारी नोकऱ्या. पद आमच्यातच फिरतं. त्याला आम्ही एकोपा म्हणतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार
नाना खुशीत. जाधवांकडे जाऊन आले. पोहे, चहा, वर खव्याची पोळी. म्हाताऱ्या जाधवांनी शब्द दिला, सूनबाई माघार घेईल. "झालं वहिनी. तुमचा तो नवा बाण कामाला आला."

मी सांगितलं, माघार ॲपवर नोंदवायला लावा. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत, उमेदवारानं स्वतः, तिच्या फोनवर येणाऱ्या ओटीपीनं. हो हो म्हणाले. पोळीबद्दलच बोलत राहिले.

२२ नोव्हेंबर, शनिवार
सहा वाजले. टप्पा आपोआप बदलला. नावं दोन.

मतदान.

चहा गार झाला तरी पडद्याकडे बघत बसले. पहिल्या दिवशी काढलेला मतदानाकडचा बाण आज पहिल्यांदा खरा झाला.

२३ नोव्हेंबर, रविवार
सकाळपासून फोन. नाना आधी हसत, मग न हसता. "अहो, जाधवांनी शब्द दिलाय. विसरली असेल पोरगी." म्हाताऱ्या जाधवांना पत्ता लागताच त्यांनी दुकानात सूनबाईचा फोन घेऊन स्वतःच बटण दाबलं, असं नाना म्हणाले. बटण दिसलं, दाबलं, ओटीपी टाकला, आणि 'हे आता करता येणार नाही' असं आलं. "म्हणजे ॲप बिघडलंय, वहिनी."

फोन ठेवला आणि कोड उघडला. माघारीचं बटण मतदानाच्या टप्प्यात दिसलंच कसं?

मोबाइलचं पान. जुन्या मांडणीतला एक इफ. दिवाळीनंतर करू म्हटलेलं, केलेलं नाही. बटण दिसत राहिलं. पण दाबल्यावर निर्णय त्या पानाचा नव्हता, टप्प्याचा होता, आणि टप्प्यानं नाही म्हटलं. दार रंगवलेलं राहिलं, भिंत मात्र भिंतच होती.

लावण्याला फोन केला, ती माहेरी दिलसुखनगरला होती. "अत्तय्या, सर्व्हरनं अडवलं ना? मग झालं." बटण काढून टाकलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार
नाना घरी आले, चिक्कडपल्लीला. जिने चढून दमले होते. पाणी दिलं.

म्हणाले, टप्पा एकदा मागे घ्या, दहा मिनिटं. सुनंदाकडून माघार नोंदवून घेऊ, मग पुढे करा. कोणाला कळायचंही नाही. मी म्हटलं, मागे जाणारा बाणच नाही. नाना वेडे नाहीत. "ॲपात नसेल. पण डेटाबेसची किल्ली तुमच्याकडेच आहे की."

आहे. हातानं एक शब्द बदलायचा, एवढंच. आणि काही सभासदांनी मत दिलेलं आहे, ते रद्द होईल. मी नाही म्हटलं.

पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "दादा आजारी होते तेव्हा मी कधी तुम्हाला नाही म्हटलं, वहिनी?"

नव्हतं म्हटलं. कधीच. हे दवाखान्यात होते त्या दिवसांत रोजचा डबा नानांच्या घरून आला. ग्रंथालयाची इमारत पाडायला निघाली होती तेव्हा दारोदार फिरून ती वाचवली तीही नानांनीच. हे मला कोणी सांगायला नको.

जाताना जेवून जा म्हटलं. जेवले नाहीत.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
कोठी भागात चष्म्याचं काम होतं. तिथून जाधवांच्या दुकानात. फॉल घ्यायचा होताच, निळ्या साडीला. सुनंदा एकटी गल्ल्यावर. फॉलच्या छटा काढून ठेवल्या, साडी उजेडात नेऊन मिळवून पाहिली. ती साडी बघत असताना मी विचारलं, माघार नोंदवायची विसरलात का?

"नाही बाई." फॉलची घडी करून पुडीत घातली. "शब्द मामांनी दिला. बटण माझ्या नावाचं होतं."

मी पैसे पुढे केले. तीच म्हणाली, मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, रविवारी फोन घेऊन दाबलं ते तिला नंतर कळलं. घरात कसं काय, विचारलं. "बोलत नाहीत माझ्याशी. जेवतात मात्र टायमावर." आणि हसली. मग, "नाना वाईट नाहीत हो. पण घरी येऊन मला विचारलं तर मी माघारीला हो म्हणणार नाही, हे त्यांना माहीत होतं. म्हणून मामांशी बोलले, माझ्याशी नाही."

फॉलचा रंग तंतोतंत.

२६ नोव्हेंबर, बुधवार
उद्या तातडीची बैठक. नानांनी पत्र दिलंय: ॲप सदोष, मतदान रद्द करावं, माघार ग्राह्य धरावी.

सकाळी लावण्याबरोबर बसून उरलेली सगळी पानं तपासली. जुना इफ आता कुठंच नाही. मग तिला म्हटलं, समज मी डेटाबेस बदलला तर? ती गंभीरपणे म्हणाली, "तर मी तुमचा कोड कधीच नाही वाचणार." मग ओशाळली, सासूला असं बोलली म्हणून. मला बरं वाटलं. या घरात असं बोलणारं कोणीतरी हवंच होतं.

पेसरट्टूचं आज सांगितलं. "आठ वर्षांनी?" म्हणाली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
बैठक. लिहून ठेवते, जसं झालं तसं.

नानांनी आधी सगळं मांडलं. चांगलं मांडतात. आजवर संस्थेत मतदान झालं नाही हे आपलं भूषण, एका यंत्रापायी ते घालवायचं का, आणि यंत्र सदोष असल्याचा पुरावा म्हणजे नको तिथं दिसलेलं बटण.

वकीलसाहेबांनी मला विचारलं. मी उभी राहिले. बटण दिसलं ही चूक माझी, म्हटलं. एक पान जुन्या पद्धतीचं राहिलं, मी चालढकल केली, आता दुरुस्त केलंय. पण ॲपनं माघार स्वीकारली नाही, ती चूक नाही. मुदत संपली होती, आणि बटण दाबणारा उमेदवार नव्हता.

"तुम्हाला मागे नेता येईल का?" वकीलसाहेब.

"येईल. मी नेणार नाही."

नाना खाली बघत म्हणाले, "घरचं माणूस असून." मी म्हटलं, घरचं माणूस आहे म्हणूनच, नाना. तुमच्यासाठी एकदा मागे नेलं तर उद्या तुमच्याविरुद्धही कोणी नेईल, आणि तेव्हा मी नसेन.

वकीलसाहेबांनी घटनेची प्रत मागवली. चष्मा वर करून वाचलं: माघार उमेदवारानं स्वतः घ्यावी. पुस्तिका मिटली. मग जे म्हणाले ते माझ्या कानात अजून आहे. "मी तरुणपणापासून इथला सभासद आहे. अध्यक्ष झालो तोही बिनविरोध. मरायच्या आधी मला इथं एकदा मत द्यायचंय. मतदान चालू राहील."

नाना उठून निघाले. छत्री विसरले. पाऊस नव्हताच, पण छत्री नेहमीची. घेऊन आले मी घरी.

३० नोव्हेंबर, रविवार
ज्यांना घरून जमत नाही त्यांच्यासाठी ग्रंथालयात एक कॉम्प्युटर ठेवला. म्हणजे ग्रंथालय रविवारी उघडलं. कोणी ठरवलं नव्हतं.

गर्दी नव्हे, पण येत राहिले. एक आजी नातीला घेऊन आल्या. नात वाचायला लागली तशी तिला बाहेर काढलं. "हौ गे, मला येतं वाचायला, तू बाहेर थांब." स्वतः एकेक अक्षर वाचून मत दिलं. 'तुमचं मत नोंदलं गेलं' आल्यावर मला विचारलं, आता बदलता येत नाही ना? नाही म्हटलं. "छान," म्हणाल्या.

वकीलसाहेब कोट घालून आले.

एकाच सभासदाचं दुसरं मत येत नव्हतं, मुदतीनंतर कोणाचं नाव वाढत नव्हतं, पान वेळेवर उघडत होतं. कोणाच्या लक्षातही आलं नाही. चांगलं काम लक्षात येत नाही, हे मी नव्या मुलांना सांगत असे. आज मात्र कोणाच्या तरी लक्षात यावं असं वाटलं. लावण्या आली होती, नुसती बघायला. जाताना सभासदत्वाचा अर्ज घेऊन गेली. मराठी वाचायला वेळ लागतो तिला, पण वाचते.

३ डिसेंबर, बुधवार
म्हातारे जाधव मत द्यायला आले. सून दुकानात. मला नमस्कार करून म्हणाले, "बाई, शब्द गेला माझा." मी म्हटलं, तो तुमचा नव्हताच, मामा. ते कॉम्प्युटरकडे वळले. मत दिलं. कोणाला, ते ॲपलाच माहीत, आणि ॲप सांगत नाही.

४ डिसेंबर, गुरुवार
मीही मत दिलं. कोणाला ते इथंही लिहिणार नाही. हात दोन्ही नावांवरून एकेकदा फिरला, एवढं लिहिते.

६ डिसेंबर, शनिवार
सहा वाजता मतदान संपलं. टप्पा, मोजणी. आता पुढचं दार वकीलसाहेब आणि एक साधा सभासद, दोघांनी आपापला पासवर्ड घातल्याशिवाय उघडत नाही, आणि तेही उद्या वार्षिक सभेत, सगळ्यांसमोर. तसं मीच लिहिलं.

दिवे लावून होतात तोच नानांचा फोन. गेल्या बैठकीनंतर पहिला. छत्री तुमच्याकडे आहे का, विचारलं. आहे म्हटलं. मग, "काय दिसतंय, वहिनी?"

मी पडदा समोर घेतला. "मतदान संपलं आहे. एवढंच."

"मला पण एवढंच दिसतंय."

"सगळ्यांना एवढंच दिसतं, नाना. मलाही."

पलीकडे खोकल्याचा आवाज. मला वाटलं फोन ठेवतील. म्हणाले, "उद्या जरा लवकर या. माळ्यावरच्या खुर्च्याही काढाव्या लागतील. या वेळी लोक येतील."